मधले चार इंच

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. मोबाइलवर लिहितोय, एका दमात येईल तेवढं. जरा थांबलो की वाटतं, कशाला उकरायचं.

पण परवा आबांचं रक्षाविसर्जन झालं. नैवेद्य ठेवून सगळे लांब जाऊन उभे राहिले, कावळ्याची वाट बघत. मागच्या बाभळीवरनं कावळा ओरडला तशा सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. एक सर्ज्या सोडून. सर्ज्या म्हणजे आबांचा एकुलता एक मुलगा, माझा शाळेपासूनचा दोस्त. तो समोरच्या पानाकडंच बघत उभा होता. मी त्याच्या दंडाला हात लावला, बोटानं झाड दाखवलं, तेव्हा त्यानं वर बघितलं.

आता लिहिलं तर चालतंय.

सहा-सात वर्षं झाली असतील. तेव्हा सर्ज्याचा एकच कान गेला होता, डावा. मी त्याला मुद्दाम विचारायचो, "कुठल्या कानात बोलू?" आणि तो उजवा पुढं करून म्हणायचा, "ह्या. त्यो बंद हाय, दुरुस्तीला टाकलाय." तेव्हा हसायला यायचं.

मिसरूड फुटायच्या आधीपासून तो प्रेसवर होता. पत्रा कापायच्या, दाबायच्या प्रेस. ट्रॅक्टरला लागणारे ब्रॅकेट निघायचे त्यावर. उपाध्ये साहेबांचा कारखाना, कोल्हापूरच्या बाहेर एमआयडीसीत. जुनी शेड म्हणजे वर पत्रा, खाली कोबा, एका ओळीत सगळ्या प्रेस आणि कोपऱ्यात कॉम्प्रेसर. बाहेरच्या रस्त्यावर उभं राहिलं तरी छातीत ठोके बसायचे. पोरं कानात कापूस घालायची, घामानं तो गळून पडायचा. डॉक्टरनं सर्ज्याला सरळ सांगितलं होतं, गेलेला कान परत येत नाही. राहिलेला सांभाळायचा असेल तर त्या आवाजातनं बाहेर पड.

बाहेर पडून जाणार कुठं? दुसरीकडंही प्रेसच.

मी तेव्हा चौगुले कॉन्ट्रॅक्टरकडं होतो. कॉलेज नाही, डिप्लोमा नाही. ड्रॉइंग मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेलो. आणि उपाध्ये साहेबांनी नवी शेड बांधायला काढली, ती चौगुलेंना मिळाली. मला वाटलं, देव आहे बाबा.

साहेबांच्या गाडीच्या बॉनेटवर मी ड्रॉइंग पसरलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.

"अरे अरे, विटा काय ठेवतोस, रंग जाईल," साहेब म्हणाले. मग वाकून बघितलं. "प्रेस एवढ्या लांब का नेल्यास?"

"साहेब, प्रेस त्या टोकाला. मध्ये मालाचे रॅक, म्हणजे आवाज आपोआप अडतो. कॉम्प्रेसर शेडच्या बाहेर, मागं. आणि ह्या टोकाला माल तपासायची खोली."

"आणि ह्या खोलीला दोन-दोन रेघा कशाला?"

"खोलीत खोली आहे साहेब. दोन भिंती. मध्ये चार इंच मोकळी जागा. कुठंच एकमेकीला शिवायच्या नाहीत. आतली फरशीपण वेगळी, बाहेरच्या कोब्यापासून सुटी. आवाज नुसता हवेतनं येत नाही, जमिनीतनं येतो, भिंतीतनं चढतो. वाटच तोडायची त्याची."

चौगुले मागनं म्हणाले, "वेड लागलंय पोराला. एका भिंतीत भागतंय तिथं दोन."

पण साहेबांचं पण एक दुखणं होतं. त्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणत होतं, माल कारखान्यातच तपासा, आमच्या माणसासमोर. आणि मापायच्या यंत्राचा काटा जुन्या शेडमध्ये एक क्षण स्थिर राहायचा नाही. प्रत्येक ठोक्याला थरथरायचा.

"हे कुठल्या कॉलेजात शिकलास?"

"मोबाइलवर, साहेब."

साहेब हसले. "एक करून बघू. जमलं तर पुढच्या दोन शेडपण तुझ्याच पद्धतीनं. नाही जमलं तर परत हे नाव काढायचं नाही."

मग मी मुद्द्याचं बोललो. आत बसायला सर्जेराव पोवारला घ्या. मापं त्याला कळतात, आणि त्याचा कान असा असा आहे.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ड्रॉइंगमधल्या त्या खोलीवर बोट ठेवलं. "काटा स्थिर राहिला तर सर्जेराव आत. नाही राहिला तर तपासणी गावातल्या ऑफिसात, तिथं माझा मेव्हणा बघतो. मग सर्जेराव परत प्रेसवर. माणूस मोकळा बसवून ठेवायला मला जमणार नाही. पटतंय?"

"पटतंय साहेब."

म्हणजे सगळं त्या खोलीवर आलं. सर्ज्याचा राहिलेला कान, आणि ती चार इंचांची जागा.

खोली बांधायला आबा होते. सर्ज्याचे वडील. चौगुलेंकडचे सगळ्यात जुने गवंडी. त्यांच्या हातची भिंत म्हणजे ओळंबा लावायची गरज नाही असं चौगुले सगळ्यांना सांगायचे. आबा मला लहानपणापासून ओळखत होते. त्यांच्या घरी मी सर्ज्यापेक्षा जास्त भाकरी खाल्ल्यात.

"ह्या मधी काय टाकायचं न्हाई म्हणतोस?" आबांनी विचारलं.

"काही नाही आबा. माल पडला तरी काढायचा. पूर्ण मोकळं ठेवायचं."

"वीट आडवी घालून दोन्ही भिती सांधायच्या पण न्हाईत?"

"नाही. शिवल्या की संपलं. आवाज जाईल आत."

"बरं बाबा. तू म्हणशील तसं." हे ते माझ्याकडं बघून नाही, दोरीकडं बघून म्हणाले. मग हात धोतराला पुसत विचारलं, "आन सर्ज्या कुठं बसणार?"

मी जागा दाखवली. नुसती माती होती तेव्हा तिथं. आबा जाऊन बरोबर त्या जागी उकिडवे बसले. खिडकी जिथं येणार होती तिकडं तोंड केलं.

"वारं चांगलं येतंय हितं," ते म्हणाले. "पोराला बरं पडंल."

दुसऱ्या दिवशी भिंत सुरू झाली. मी कंबरेएवढी होईपर्यंत बघितली. मधली जागा स्वच्छ होती, खालपर्यंत उजेड पडायचा. मग चौगुलेंनी मला दुसऱ्या साइटवर पाठवलं, स्लॅब होता तिकडं. परत आलो तर खोली छपरापर्यंत गेलेली, प्लास्टर होऊन पाणी मारायचं चाललेलं.

आबांनी थापीच्या दांड्यानं भिंतीवर ठोकून दाखवलं. बद्द आवाज आला.

"कशी झाल्या?"

"एक नंबर आबा."

"हत्तीनं धडक मारली तरी हलायची न्हाई."

मी त्यांच्या पाया पडलो. खरंच पडलो. त्यांना कळेना का.

शेड सुरू झाली त्या दिवशी प्रत्येक प्रेसपुढं नारळ फुटला. पेढे वाटले. सर्ज्या नवा शर्ट घालून आलेला, घडीच्या खुणा तशाच. मापायचं यंत्र टेबलावर, शेजारी पाण्याची बाटली. साहेब, चौगुले, मी आणि सर्ज्या आत गेलो. एक दार लावलं, मग दुसरं.

आणि आवाज कमी झाला. खोटं नाही सांगत. लांब कुठंतरी कपडे धुतायत असा राहिला.

सर्ज्या हसायला लागला. "दिगा, लेका, माझा मला श्वास ऐकायला यायलाय."

मी पण हसलो. तेवढ्यात मोठी प्रेस सुरू झाली.

आवाज नाही आला. धक्का आला. खुर्चीच्या पायातनं वर. बाटलीतल्या पाण्यावर तरंग उठले आणि काटा थरथरला. परत ठोका, परत काटा. साहेब खाली वाकून एकटक काट्याकडं बघत होते. सर्ज्यानं यंत्रावर तळहात ठेवला, जसं तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. काटा थरथरतच राहिला.

"सोमवारी सांग काय चुकलंय ते," साहेब सरळ होत म्हणाले. "काम चुकलं असेल तर चौगुले फोडून परत बांधून देतील, त्यांच्या खर्चानं. तुझं ड्रॉइंगच चुकलं असेल तर विषय संपला."

मी ड्रॉइंग घेऊन बसलो. फरशी बघितली, सुटीच होती. दाराच्या चौकटी बघितल्या. प्रेसखालचं रबर बघितलं. सगळं बरोबर. डोकं चालेना. शेवटी आबांना विचारायला गेलो. ते कंपाउंडच्या भिंतीच्या कामावर होते, जेवायची सुट्टी झालेली. गुलमोहराखाली डबा उघडून बसले होते.

"ये. बस. खर्डा हाय, चालंल न्हवं?"

मी भाकरी हातात घेतली. म्हटलं, "आबा, एक विचारतो. त्या खोलीच्या मधल्या जागेत काम करताना काय पडलं बिडलं नाही ना? वीट, माल, काही?"

आबांनी इकडंतिकडं बघितलं. मग असं हसले, की मला अजून ते हसू दिसतं. लहान पोरानं दिवाळीचा फटाका लपवून ठेवलेला असतो, तसं.

"तुला म्हणून सांगतो. चौगुल्याच्या कानावर घालू नगो."

"काय आबा?"

"पोकळ ठेवलीच न्हाई."

भाकरी हातातच राहिली.

"अरं, मी काय आजचा गवंडी हाय? पोकळ भित म्हंजे चोरी. समद्या कॉन्ट्रॅक्टरांची एकच रीत. कागदावर काय तरी नवीन नाव काडायचं, आन मधली वीट वाचवायची. तुला पोराला फसवलं असंल त्येनी, तू भाबडा हायस. दुसऱ्या कुणाचं आसतं तर मी गप बसलो आसतो. पर तितं माझा सर्ज्या बसणार. त्याच्या डोक्याशी पोकळ भित ठिवू?"

"मग काय केलं?"

"ठासून भरली. खालनं वरपतूर. खडी, सिमेंट, वाळू. सुट्टीच्या वक्ताला पोरं जेवाय गेली की मी भरायचो. सायटीवरचं एक घमेलं घेतलं न्हाई बग, उगंच कुणी चोरी म्हणाय नगो. घरातलं सिमेंट आणलं. वरच्या खोलीच्या स्लॅबाला ठिवलेलं." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "स्लॅब काय, फुडल्या साली बी हुईल. आता ती भित माझ्या मागं पन्नास वर्सं हुबी ऱ्हाईल. पोरगं निवांत बसंल."

समोर आबांची बोटं. सिमेंटनं फाटलेली, प्रत्येक पेरावर चिरा.

"चांगलं केलंत आबा," मी म्हटलं. "खर्डा झणझणीत झालाय."

"म्हातारीनं केलाय. घे की आनि."

सर्ज्याला मी गेटबाहेरच्या चहाच्या गाड्याजवळ गाठलं. उजव्या बाजूला उभा राहून सगळं सांगितलं. तो कपातल्या चहाकडं बघत ऐकत होता.

"वरच्या खोलीचं सिमेंट?" एवढंच विचारलं त्यानं.

"हो."

"आई शोधत हुती. म्हणली पोती कुठं गेली. आबा म्हणलं, ओल लागून दगड झाली, टाकली." तो हसला, मग हसू अर्धवटच राहिलं.

"हे बघ," मी म्हटलं, "फार काही बिघडलं नाही. सोमवारी साहेबांना सांगतो. आतली भिंत फोडायची, मधलं काढायचं, परत बांधायची. पंधरा-वीस दिवसांचं काम. तू आत बसशील. शंभर टक्के बसशील. ड्रॉइंग बरोबर आहे सर्ज्या, मला आता खात्री आहे."

त्यानं चहा संपवला, कप गाड्यावर ठेवला. मला वाटलं, हो म्हणतोय.

सोमवारी साहेबांच्या केबिनमध्ये चौगुले आधीच घाम पुसत बसले होते. साहेबांनी सर्ज्यालाही बोलावलं होतं, कारण यंत्र त्याच्या हातात होतं. टेबलावर पुढच्या दोन शेडची माझी ड्रॉइंग होती. त्यातही तसंच, खोलीत खोली. प्रेसवरच्या पोरांना मधूनमधून येऊन टेकायला, कानाला विसावा मिळायला. साहेबांना ते पटलेलं होतं, ही खोली जमली की सही करणार होते.

"बोल. काम चुकलं का ड्रॉइंग?"

मी तोंड उघडलं.

"ड्रॉइंग साहेब," सर्ज्या म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता.

"मी पाच दिवस बसून बघितलंय. काम चोख हाय, भितीला कुठं बोट शिरत न्हाई. हे पोकळ-बिकळ आपल्याकडं चालत न्हाई साहेब. मोबाइलवर बघून केलेलं हाय. दिगाला काय कळतंय त्यातलं?"

चौगुलेंनी मोठा श्वास सोडला. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय."

"दिगंबर?" साहेब म्हणाले. "तुझं काय म्हणणं?"

माझं म्हणणं घशापर्यंत आलं होतं. चार शब्द लागले असते. सर्ज्याचा हात टेबलाखाली माझ्या मनगटावर आला आणि त्यानं असं दाबलं की हाड दुखलं.

"चुकलं असेल साहेब," मी म्हटलं.

साहेबांनी माझी ड्रॉइंग नीट घडी करून मला परत दिली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या दोन शेड पुढच्या वर्षी झाल्या. एकेरी भिंत, वर पत्रा, कोपऱ्यात कॉम्प्रेसर. अजून आहेत. ड्यूटी सुटल्यावर तिथली पोरं गेटवर एकमेकांशी ओरडून बोलतात, त्यांना वाटतं साधंच बोलतोय. मी त्या रस्त्यानं जात नाही.

तर त्या दिवशी. केबिनमधनं बाहेर पडलो आणि मी तरातरा चालायला लागलो. सर्ज्या मागनं आला. शेडच्या मोठ्या दाराशी मी वळलो आणि त्याला धक्का दिला. आत सगळ्या प्रेस चालू.

"मला कळत नाही? मला?" मी ओरडत होतो. "कान जाईल तुझा! बहिरा होशील तू, कळतंय काय तुला?"

"कळतंय."

"मग कशाला बोललास?"

"भित फोडली की काय निघंल आतनं?" तो म्हणाला. "आबाचं सिमेंट. सगळ्या गवंड्यांम्होरं. चौगुल्या विचारंल कुणी भरलं. मग कशानं काटा हालला ते पण सांगावं लागंल. आबाला कळंल, सर्ज्याचा कान कशापायी चालला हुता ते." तो थांबला. "माझा गेला तर कान जाईल. त्येचं काय जाईल बघ की जरा."

"आबा तिकडं कंपाउंडला असतात, आपण सुट्टीत फोडू, कुणाला..."

"त्येला दिसणार न्हाई? सोताच्या हातची भित?"

कंपाउंडच्या कडेला आबा दिसत होते. दोरी ताणत होते. आम्हाला बघून त्यांनी थापी वर केली. सर्ज्यानं हात केला.

"आबाला मी सांगितलंय," तो त्यांच्याकडंच बघत म्हणाला, "साहेबांनी मला मोठ्या प्रेसवर घेतलंय. बढती झाल्या. खोलीत म्हातारी माणसं बसत्यात. खूश झाला. पेढं आणणार हाय संध्याकाळी. तू ये."

मला रडायला आलं. मी तोंड फिरवलं.

"दिगा. शब्द दे मला."

मी दिला. ठोका पडला त्याच वेळी.

"ऐकायला आलं न्हाई," तो म्हणाला, आणि उजवा कान पुढं केला, नेहमीसारखा. "परत म्हण."

आबा वीस पावलांवर. पण त्या दणदणाटात त्यांनाही काही ऐकू जाणार नव्हतं. मी सर्ज्याच्या उजव्या बाजूला गेलो, दोन्ही हातांचा आडोसा करून तोंड त्याच्या कानाला लावलं, आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो.

"आबा आहेत तोवर कुणाला सांगणार नाही! ऐकलंस काय सर्ज्या? आबा आहेत तोवर नाही!"